येवल्यापुरता हार

नाशकात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, त्या दिवसांत मी वेबसाइट बनवून द्यायचा धंदा मांडला होता. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गंगापूर रस्त्याच्या पुढे पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकवणारे एक काका. माणूस हट्टी. विहिरीच्या पाण्यावरून लासलगावच्या थोरल्या भावाशी भांडण, आणि बहिणीने भावाची बाजू घेतली म्हणून येवल्याच्या त्या बहिणीशीही सात वर्षं अबोला. तरी साइटचा पत्ता छापलेली कार्डं त्यांनी दोघांनाही पोस्टाने धाडली. जळू देत, म्हणाले.

आता माझी अक्कल बघा. फुलांचा धंदा, म्हणून मी पहिल्या पानावर काकांचा मोठा फोटो लावला आणि कॉम्प्युटरवर त्याला झेंडूचा हार घातला. खाली 'आमचे संस्थापक'. हार मला फार जमला होता, एकेक पाकळी दिसत होती. चार दिवसांनी काकूंना कॅफेत नेऊन साइट दाखवली. त्या फोटोकडे बघतच राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "हे अजून हायेत की रं."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. हार काढायला पाच मिनिटं पुरली असती. पण पानं एका होस्टिंग कंपनीच्या मशिनवर चढवली होती पुण्याच्या एजंटाने, तिथला पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो मोबाइल बंद करून कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, ताबा तेवढा माझ्याकडे होता. मग दुसऱ्या कंपनीकडे जागा घेतली, बिनहाराचे काका तिथे ठेवले आणि नेमसर्व्हरची दोन नावं बदलली.

काकांना वाटलं, संपलं. मी त्यांना समजावलं की साइटचं नाव टाकलं की ती कुठल्या मशिनवर आहे ते नेमसर्व्हर सांगतो, नाक्यावरचा पानवाला पत्ता सांगतो तसा. पण इंटरनेट देणाऱ्या प्रत्येक कंपनीचा आपला एक पानवाला असतो. तो मागचं उत्तर लक्षात ठेवतो आणि घर बदललं तरी एकदोन दिवस जुनाच पत्ता सांगत राहतो. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मी नाशकात जिवंत हाय, अन् लासलगावात मेलोय?"

हिशेबाने ते बरोबरच होतं, म्हणून मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यातच होतो. लासलगावचा भाऊ रडतच फाटकातून आत आला. त्याची सून कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तिने साइट बघितली होती. काका ओट्यावर चहात खारी बुडवत बसलेले. भाऊ जागीच थबकला, टोपीने डोळे पुसले आणि मला नको नको ते बोलला. काकांनी आपली बशी त्याच्यापुढे सरकवली. विहिरीचा विषय कुणीच काढला नाही. जाताना तो गुलाबांचं एक खोकं घेऊन गेला.

तेव्हापासून काका मला दर दोन तासांनी येवल्याला फोन करायला लावायचे. तिथल्या कॅफेवाल्याला मी विचारायचो, फोटोला हार आहे का? आहे, म्हणायचा. काका खूश. नवा सदरा घालून फाटकाकडे तोंड करून बसायचे. काकू त्यांच्यावर करवादत होत्या, जित्या माणसाने असली वाट बघू नये म्हणून. त्यांचं कोण ऐकतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅफेवाला म्हणाला, हार गेला. मी सुटलो म्हणून हसलो. काका हसले नाहीत. बहीण आली नव्हती.

"येवल्यापुरता परत घालता येईल का रं?" त्यांनी विचारलं.

एका गावापुरतं तसं करता येत नाही, म्हणालो. मग फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि बहिणीचा नंबर मिळतोय का म्हणून फळीवरची डायरी काढून चाळायला लागलो. मी 'ब' उघडेपर्यंत काकांनी रिसीव्हर उचलला होता. सात वर्षं न लावलेला नंबर ते न बघता फिरवत होते.