परब साहेबांच्या टेबलावरचा घण

आमचं ऑफिस मुलुंडला, औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही मालगाडीच्या वॅगन बनवतो. कागदावर. त्यातही हॉपर वॅगन, म्हणजे जिचा तळ आतून तिरपा असतो आणि खालचे दरवाजे उघडले की कोळसा किंवा खडी आपोआप खाली पडते. निदान ड्रॉइंगमध्ये तरी पडते. प्रत्यक्षात पडत नाही तेव्हा किस्सा होतो, आणि असे किस्से आमच्याकडे फायलींपेक्षा जास्त झालेत.

*

परब साहेब आमचे मुख्य डिझायनर, मूळचे मालवणचे. त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून चक्क लोखंडी घण असतो. नवीन माणूस आधी घण बघतो, मग साहेबांना, आणि मग खुर्ची थोडी मागे सरकवतो.

साहेबांची पहिली वॅगन चाचणीला गेली तेव्हाची गोष्ट. दरवाजे उघडले, निम्मा कोळसा खाली आला, निम्मा आत चिकटून बसला. साइडिंगवरच्या, म्हणजे माल उतरवायच्या बाजूच्या रुळावरच्या, मजुरांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी घण काढले आणि बाहेरून पत्र्यावर दणादण मारायला लागले. नवी कोरी वॅगन, अर्ध्या तासात पोचेच पोचे. काम झाल्यावर मुकादमाने एक घण साहेबांच्या हातात ठेवला.

"साहेब, हा पार्ट तुमच्या ड्रॉइंगमध्ये राहिला होता."

तेव्हापासून साहेबांचं एकच स्वप्न होतं. रिटायर व्हायच्या आत एक तरी वॅगन अशी काढायची, जिच्यावर कोणी घण मारणार नाही. या वर्षी ते रिटायर होणार होते आणि हातात शेवटची वॅगन होती.

*

आमच्या धंद्याची गोम सोपी आहे. तळ जास्त तिरपा केला की माल सरसर पडतो, पण वॅगनमध्ये मावतो कमी. उतार कमी केला की मावतो भरपूर आणि पडत नाही. या दोन वाक्यांत आमची सगळी नोकरी गेली.

मार्केटिंगवाल्यांना अर्थातच दुसऱ्या वाक्याचा शेवट ऐकू येत नाही. त्यांचे साहेब एकदा परब साहेबांना मस्का मारायला आले. उतार फक्त दोन अंश कमी करा ना, क्लायंट खूश होईल. परब साहेबांनी घण उचलला आणि हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

"मगे ह्यो पण देवा त्येंका. वॅगनीबरोबर फ्री."

उतार होता तेवढाच राहिला.

*

किती उतारावर काय घसरतं ते बघायला आमच्याकडे बिजागरीवर बसवलेली एक स्टीलची पट्टी आहे, बाजूला कोनमापक. माल ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, घसरला की कोन लिहायचा. आणलेली कोळशासाठी, पण डबा खाताना आम्ही सगळंच घसरवून बघतो. चिवडा लगेच जातो. मी केलेला दहीभात पट्टी उभी केली तरी जात नाही.

ही सवय घरापर्यंत जाते, हे आमच्या ऑफिसातल्या संदीप कांबळेला घाटकोपरला मुलगी बघायला गेल्यावर कळलं. पोह्यांची बशी हातात आली आणि विचारांच्या तंद्रीत गडी ती तिरपी करत गेला. पोहे मुलीच्या वडिलांच्या पँटवर. त्याची आई कपाळाला हात लावून बसली, वाट लागली म्हणून संदीप उठायलाच निघाला. तो काय करतो ते मुलीला आधीच कळवलेलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "लिंबू पिळून परत बघा ना, ओले असले की थांबतील."

पुढच्या महिन्यात लग्न झालं. वहिनींना आम्ही सगळे मानतो.

*

तर शेवटची वॅगन. उतार जमला होता, पण छोट्या मॉडेलमध्ये ओला कोळसा चारही कोपऱ्यांत बसायचा आणि हलायचा नाही. साहेबांचं जेवण कमी झालं. मला बघवत नव्हतं.

आम्ही कोळी, माझी आई मासळी बाजारात बसते. रविवारी मी घरी मॉडेल घेऊन कुढत होते, आई शेजारी जवळा वेताच्या गोल पाटीतून गोणीत ओतत होती. तिने मॉडेलमध्ये वाकून बघितलं. आमच्या पाटीला कोपरा बघितलास कधी, म्हणाली.

सोमवारी मी घाबरत साहेबांना सांगितलं. त्यांनी मॉडेल पुढे ओढून कोपऱ्यांतून बोट फिरवलं. मग चारही कोपरे गोल करायला घेतले आणि दुपारी पूर्ण डबा संपवला.

*

चाचणीला आम्ही कोळसा मुद्दाम पाइपने भिजवला. साहेबांनी घण पिशवीत घालून आणला होता, साइडिंगला परत द्यायचा म्हणून.

दरवाजे उघडले. धाडकन सगळा कोळसा खाली. मी शिडीवर चढून आत बघितलं, कोपरे स्वच्छ. "काही नाही राहिलं, साहेब," मी वरूनच सांगितलं. साहेबांचे डोळे भरले होते. माझेही.

तेवढ्यात मागून मुकादम आला आणि त्याने वॅगनवर घणाचा एक दणका दिला. नव्या पत्र्याला हा मोठा पोचा.

"अरे, रिकामी आहे ना ती!" संदीप ओरडला.

"दिसतंय ना," मुकादम म्हणाला. "पण मारल्याशिवाय गाडी सोडत नाही आपण. आधीपासूनचंच आहे."

साहेब घण परत न देताच मुलुंडला यायला गाडीत बसले. पिशवी मांडीवरच होती.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले आणि स्वतः ड्रॉइंग उघडून बसले. दुपारी मला बोलावून त्यांनी शेवटची प्रिंट दिली. दरवाज्याशेजारी, बाहेरच्या बाजूला, जाड पोलादाचा एक वीतभर चौकोन वाढवला होता. त्यावर रंगवायची अक्षरं मराठीत लिहिली होती.

"घण येथे मारावा."

सही केली, प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली, आणि पंख्याने उडू नये म्हणून वर घण ठेवून साहेब जेवायला गेले.