काजूच्या मोहरा

माझ्या लेकीचं जमत आलेलं लग्न मी एका फुटक्या काजूवरून मोडलं.

ऐकणाऱ्याला वाटतं, मानपान, पत्रिका, असलं काहीतरी असेल. छे! भांडण ज्या गावच्या बाजारात झालं ते गाव जगात कुठंच नाही. तिथं ड्रॅगन राहतो. तो राहतो म्हणून माझी काही हरकत नव्हती, राहू दे बापडा. माझी हरकत होती तिथल्या लोहाराला. म्हणजे त्या लोहाराकडच्या रोकडीला.

मी धाराशिवात ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. (मी मागणी आणि पुरवठा शिकवतो. मुलं झोपेची मागणी करतात अन् मी पुरवठा करतो, असं मंगल म्हणते. मंगल म्हणजे माझी बायको, दुसरं कोण बोलणार असं?) मुलगी स्नेहल पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिला नळदुर्गकडचं स्थळ आलं. मुलगा अजिंक्य, तोही पुण्यातच. पत्रिका जुळली, उंची जुळली, पगार जुळला. राहिला होता फक्त पाहण्याचा कार्यक्रम. तर स्नेहलचा फोन.

"बाबा, मी पोह्यांचा ट्रे घेऊन येणार नाही. अन् 'स्वयंपाक येतो का' याला उत्तरही देणार नाही. आपण दोन्ही घरचे मिळून एक खेळ खेळू. खेळताना माणूस खरा कळतो. अजिंक्यला चालतंय."

"पत्ते?" मी विचारलं.

"रोल प्लेइंग गेम."

हा काय प्रकार असतो ते सांगतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. कुणी सरदार, कुणी चेटकीण. आपण काय करतोय ते नुसतं तोंडानं बोलायचं, अन् जमलं की फसलं ते फासा ठरवणार. म्हणजे साठीला टेकलेल्या माणसांनी दिवाणखान्यात बसून "मी तलवार उपसली" म्हणायचं! आमच्या लहानपणी असं बोलणाऱ्याला घरचे लोक गुपचूप बाहेरचं बघणाऱ्याकडं घेऊन जायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्नेहल आली. तिनं खेळातल्या गावच्या भावांचा कागद टेबलावर मांडला अन् मी चष्मा लावला.

"गाव केवढं आहे हे?"

"चाळीसेक झोपड्या."

"अन् गुहेतनं आणलेलं जादूचं चिलखत हा लोहार विकत घेतो? पाच हजार सोन्याच्या मोहरांना? रोख?"

"हो बाबा."

"चाळीस झोपड्यांच्या गावात लोहाराकडं पाच हजार मोहरा! अगं, आपल्या इथं पाचशेची नोट मोडायची तर नको असलेले बिस्किटचे पुडे घ्यावे लागतात!"

"बाबा, खेळ आहे तो."

"अन् त्या मोहरांचं तो घेणार काय? गावात एक माणूस शेती करत नाही. जो उठतो तो ड्रॅगन मारायला निघतो. ज्वारी कोण पेरतंय? भाकरी येते कुठून?"

"जादूनं."

"मग दुकानात भाकरीला तीन तांब्याची नाणी कशाला लावलीत?"

स्नेहलनं भावांचा कागद माझ्यापुढून ओढून घेतला. वर्गात मला असा विजय कधी मिळाला नव्हता. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं, पण थांबला तो मास्तर कसला!

शेवटी ती वैतागून म्हणाली, "असं करा, दुकानदार तुम्हीच व्हा. वस्तू द्यायच्या, पैसे घ्यायचे. बाकी एक शब्द बोलायचा नाही. प्लीज बाबा, मला हा मुलगा आवडलाय."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. शपथेवर सांगतो, ऐकलं होतं.

त्या खेळात नाणी म्हणून प्लॅस्टिकच्या पिवळ्या चकत्या होत्या. प्लॅस्टिकच्या! त्यापेक्षा शर्टाची बटणं बरी, निदान तुटली तर कामाला तरी येतात. ज्याला स्वतःची काही किंमत नाही ते फुकटचं चलन त्या अडाणी गावात कोण घेईल? म्हणून सोनं म्हणजे काजू, चांदी म्हणजे शेंगदाणा अन् तांबं म्हणजे फुटाणा, असं मी ठरवलं. संध्याकाळच्या आत एका देशाची अर्थव्यवस्था मी रुळावर आणली. दिल्लीत बसलेल्यांना हे का जमत नाही, कळत नाही.

"अहो, खायची वस्तू पैसा म्हणून ठेवताय?" मंगलनं विचारलं. "पाहुणे खातील की."

"स्वतःचा पैसा कोण खातं?"

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं अन् मोठी वाटी भरून खारे काजू काढून दिले.

रविवारी पाहुणे आले. अजिंक्य, त्याची आई अन् वडील भागवतराव. भागवतरावांची उभी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. उसाची गाडी नुसती लांबून बघून टनाचा अंदाज सांगणारा माणूस. धिप्पाड, मिशा पांढऱ्या, बोलणं रोखठोक. जेवणं झाली, सगळे गोल करून बसले. अजिंक्य धनुर्धारी झाला, त्याची आई चेटकीण. (मंगलच्या कानात मी काहीतरी पुटपुटलो. तिनं चिमटा काढला.)

"म्या काय व्हायचं?" भागवतरावांनी विचारलं.

"काका, तुम्ही राजाचे सरदार," स्नेहल म्हणाली.

"व्हय? मग राजा पगार काय देतो?"

वा! मला माणूस तिथंच आवडला. मी प्रत्येकापुढं वाटीत काजू, शेंगदाणे, फुटाणे ठेवले, कशाची किंमत काय ते समजावलं अन् दुकान मांडून बसलो. तलवार पाच काजू.

स्नेहलनं गोष्ट सुरू केली. "जंगलाच्या तोंडाशी एक गाव आहे. गावावर ड्रॅगनची दहशत आहे..."

तेवढ्यात माझ्या कानावर कुरूमकुरूम आलं.

"भागवतराव," मी म्हणालो, "तुम्ही आत्ता एक तलवार खाल्ली."

"क्काय?"

"पाच मोहरांना तलवार येते. तुम्ही पाच मोहरा खाल्ल्या."

"आसं व्हय! खारट बरीय पर." अन् त्यांनी ढाल पण खाल्ली.

आता हसण्यावारी नेऊन सोडायचं की नाही? पण माझ्यातला अर्थशास्त्री जागा झाला. बाजारातलं सोनं कमी झालं म्हणजे भाव पडणारच! मी जाहीर केलं, तलवार तीन काजू. चेटकीणबाईंनी तोंडात काजू टाकला, तलवार दोन काजू. भागवतरावांचं चालूच होतं. तलवार एक काजू! अजिंक्य खूश. त्यानं खरेदीला हात पुढं केला, अन् नेमकी मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पाहुण्यांच्या वाट्या रिकाम्या! आमच्याकडच्या बाईला हे दृश्य बघवत नाही. तिनं डबाच उचलून आणला अन् एकेकाच्या वाटीत रिचवायला लागली. "घ्या ना. लाजता काय? घरचंच आहे."

"मंगल, थांब! महागाई येईल!"

"येऊ द्या, चहा टाकलाय," ती म्हणाली अन् माझ्या वाटीतही मूठभर टाकून गेली.

एका झटक्यात देशात सोन्याचा पूर आला. माझा इलाज नव्हता. तलवार बारा काजू!

"आत्ता एकाला म्हणत व्हता की!" भागवतराव सरसावून बसले.

"चलन वाढलं, भाव वाढले."

"तलवार तीच हाय न्हवं? आवो सर, मिनटा मिनटाला भाव बदलताय! आमच्याकडं उसाचा दर आख्ख्या हंगामाला एकदा ठरतो, तरी लोकं रस्ता आडवतेत!"

"बाबा, द्या ना तलवार," स्नेहलनं मला डोळ्यानं दटावलं. भागवतरावांनी मुलासाठी बारा काजू मोजून माझ्यापुढं सारले. मी एकेक तपासला. (इथं कुणी माझ्या तोंडावर उशी दाबायला हवी होती.)

"यात एक फुटलेला आहे. दोन पाकळ्या आहेत या."

"दोन मिळून एकच झाला की."

"फुटकं नाणं बाजारात चालत नाही."

"सोनं हाय का न्हाय हे? सोनं वजनावर जातं! आना काटा, आत्ता करू वजन!"

अन् मी बोलून गेलो. "साखर कारखान्याच्या काट्याचं आम्हाला नका सांगू भागवतराव. त्या काट्यावर काय होतं ते ऊसवाल्याला विचारा!"

स्नेहलच्या हातातला फासा हातातच राहिला. भागवतरावांनी तोंडातला काजू कसाबसा गिळला.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "उभ्या नोकरीत माझ्या काट्यावर कुनी बोट ठिवलं न्हाई. तुमी पाव्हनं बोलवून ठिवलं. चला रं, उठा."

असला सरळ माणूस, अन् मी त्याला चोर म्हणालो. तेही माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या डोळ्यांदेखत.

"अहो, माफी मागा!" मंगल दारातून कुजबुजली.

मी माफी मागायलाच तोंड उघडलं. पण त्यातून निघालं काय, तर, "बसा हो, घेतो मी पाकळ्या. फुटक्याचा थोडा वटाव, म्हणजे तूट, कापून घेतो."

वटाव! मंगलनं कपाळावर हात मारला. स्नेहलनं माझ्याकडं बघत खाडकन फासा टाकला. "ड्रॅगन आला. त्यानं आग ओकली. दुकान जळालं, दुकानदार मेला. खेळ संपला!"

"अन् माझा माल?" मी विचारलं. खरंच विचारलं!

"काका, विमा उतरवला होता का?" अजिंक्य म्हणाला अन् बापाच्या मागं चपला घालून निघून गेला.

पुढचे दिवस मंगल माझ्याशी भाजीपुरतंच बोलायची. "पोरीनं तोंडानं सांगितलं होतं, आवडलाय म्हणून. फुटक्या काजूवर घालवलात तुम्ही तो." वर्गात भाववाढ शिकवताना माझा आवाज निघेना, तर मुलंच जागी झाली. शेवटी मी भागवतरावांना फोन लावला. पलीकडून शब्द आले, "बोला सर, आज काय भाव चाललाय?" अन् फोन कट. स्नेहलला फोन करायची तर माझी छातीच होईना.

मग तिचाच आला. "बाबा, आमचं ठरलं. लग्न करतोय आम्ही."

"कुणाशी?"

"अजिंक्यशी! तुमची जुंपली होती ना, तेव्हा आम्ही दोघं खाली मान घालून हसू दाबत होतो. त्याच वेळी ठरलं. त्याचा बाप चिडून उठला तरी तो पोरगा माझ्यावर चिडला नाही. मी म्हणाले नव्हते, खेळताना माणूस कळतो?"

"अन् भागवतराव?"

"तयार झालेत. अट एकच आहे. देण्याघेण्याची बैठक होणार नाही. खर्च आम्ही दोघं बघतो. तुम्ही दोघांनी एकमेकांसमोर व्यवहाराचा व पण काढायचा नाही."

फोन ठेवला अन् खरं सांगतो, मला रडू आलं. आनंदाचंच. नंतर थोडा रागही आला. अर्थशास्त्राचा मास्तर मी, अन् माझ्या घरातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहारातनं मलाच बाहेर काढलं! अन् तो व्यवहार चोख झाला, हे तर फारच झालं.

नळदुर्गजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्न लागलं. माझ्याकडं कुणी काम देईना. फारच मागं लागलो तेव्हा मंगल म्हणाली, "दारात बसा अन् चपला सांभाळा. तिथं काय बिघडवणार तुम्ही?"

दारात बघतो तर नुसती अंदाधुंदी! जो तो पाहिजे तिथं चपला सोडतोय. मी लगेच चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली. एका जोडीला एक नंबर, त्याचीच एक चिठ्ठी माझ्या सहीनिशी मालकाकडं. पहिला नंबर माझ्याच नव्या चपलांना. झकास चाललं होतं. गर्दी वाढली अन् चिठ्ठ्या संपल्या. म्हणून मी त्याच नंबरांच्या आणखी चिठ्ठ्या काढल्या. (कमी पडलं की छापायचं, हे महापाप आहे म्हणून मीच दरवर्षी बारावीला शिकवतो.)

जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली अन् दारात एकेका चपलेला दोन-दोन मालक उभे राहिले. ती गर्दी ढकलत मी बाहेर पळालो. गाडी सुटली, गाडीमागं मी हमरस्त्यावर तापल्या डांबरावरून अनवाणी धावतोय, डोळ्यांना धारा! वऱ्हाडातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "बगा, लेकीवर किती जीव हाय बापाचा!"

आता त्यांना कोण सांगणार? गाडीच्या पुढं एक वऱ्हाडी माझ्या नव्या चपला घालून एसटी पकडायला चालला होता. त्याच्या हातात माझ्याच सहीची चिठ्ठी होती.