आधी काय, मग काय

समोरचा बोलायला लागला की बाईंच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालू व्हायचं. तीस वर्षं सरकारी कचेरीत स्टेनो. कानातून आलेलं सरळ बोटात उतरायचं. मध्येच बोट थांबायचं आणि बाई म्हणायच्या, "थांब. आधी काय, मग काय?"

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. अशा माणसाला साधी गोष्ट सांगणं म्हणजे जीव नकोसा होतो. बस चुकली म्हटलं तरी, "आधी बस सुटली, की आधी तू स्टॉपवर पोचलास?" वैताग नुसता!

पण मी बाईंकडे जात राहायचो. नववीत शाळा सोडून हिंगोलीहून दिल्लीत आलो, तेव्हा मुनिरक्यात यूपीएससीवाल्या मुलांच्या खोलीत जमिनीवर झोपायचो. बाई मूळच्या आमच्याच हिंगोलीच्या; त्यांनीच शब्द टाकून दिल्लीबाहेर नव्याने झालेल्या एका सोसायटीच्या गेटवर मला वॉचमन म्हणून चिकटवलं. सुट्टीच्या दिवशी आर. के. पुरममधल्या त्यांच्या क्वार्टरवर जेवायला यायचंच, हा हुकूम. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या पोटाची चौकशी करणारं दुसरं कोण होतं?

त्या गेटसमोर खून झाला. अय्यूब नावाचा सुतार, घरोघरी कपाटं बसवायला यायचा. सोसायटीतल्या दोन भावांनी त्याला भरदुपारी लोखंडी सळीने मारलं. मी दहा पावलांवर होतो. पाय हललेच नाहीत.

मग जिथे जावं तिथे एकच काथ्याकूट. टीव्हीवर कोट घातलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती: पार्किंगचं भांडण, की धर्माचा द्वेष? बाईंच्या घरीही तेच. शेजारचे सेक्शन ऑफिसर म्हणाले, "अहो, इथे पार्किंगवरून रोज डोकी फुटतात. बिल्कुल रंग देऊ नका याला." माझ्याबरोबर आलेला यूपीएससीवाला उसळला, "काका, मेलेल्याचं नाव वाचा ना, म्हणजे कळेल!" बाईंनी दोघांनाही विचारलं, "तुम्ही होतात तिथे?" दोघेही अर्धा चहा टाकून निघून गेले.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सांग."

"स्कूटर गेटसमोर लावली म्हणून शिव्या दिल्या. नाव विचारलं. मारलं."

"मारलं तेव्हा स्कूटर कुठे होती?"

"बाई, माणूस मेला, आणि तुम्ही स्कूटरचं काय घेऊन बसलात!"

"आधी काय, मग काय?"

सहा वेळा सांगायला लावलं. सहाव्यांदा मला रडूच फुटलं आणि रडता रडता आठवलं. "स्कूटर त्याने काढली होती. पलीकडे भिंतीला लावून परत आला, 'सॉरी भैया' म्हणाला. मग त्यांनी विचारलं, नाम क्या है? त्याने सांगितलं. धाकटा म्हणाला, 'अच्छा, तो ये बात है.' मग मारलं."

"म्हणजे स्कूटरचं भांडण मिटलं होतं," बाई म्हणाल्या. "पोलिसांना असंच सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. हवालदाराने 'पार्किंग को लेकर झगड़ा' असं लिहून विचारलं होतं, "ठीक है?" गेटवर दिवसभर उभ्या राहणाऱ्याला सगळ्यालाच "हां जी" म्हणायची सवय. तसंच म्हणालो होतो.

बाईंनी रजा टाकली, हिंदीत अर्ज टाइप केला आणि माझ्याबरोबर बसने पोलीस ठाण्यात आल्या. इन्स्पेक्टर म्हणाला, "मैडम, रहने दीजिए. लड़के की नौकरी जाएगी."

"आप मुहर लगाइए," बाई म्हणाल्या. आमच्या प्रतीवर पोचीचा शिक्का उमटेपर्यंत त्या बाकावरून उठल्या नाहीत. डबासुद्धा तिथेच खाल्ला.

नोकरी आठवड्यात गेली. त्या भावांची माणसं मुनिरक्यात माझी चौकशी करून गेली. मी बाईंकडे जाणं बंद केलं. एका रविवारी बाईच धापा टाकत आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. डबा खाली ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"मी तुला ढकललं का रे?"

"हो," मी म्हणालो.

"बरं. जेवून घे, निवतंय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एका कचेरीच्या कँटीनमध्ये लावलं.

तिसऱ्या वर्षी, रिटायर होऊन महिनाही झाला नव्हता, तोच बाई गेल्या. खांदा द्यायला मी आणि ते सेक्शन ऑफिसर होतो. माझी साक्ष निघाली त्यानंतर. टीव्हीवाले तोवर कधीच दुसऱ्या कशाकडे तरी वळले होते.

भावांचा वकील गोड बोलायचा. "झगड़ा तो पार्किंग का ही था न, भाई?" हां जी अगदी ओठांवर आलं. दोघे भाऊ माझ्याकडे बघत होते.

"नहीं जी," मी म्हणालो. "स्कूटर हट चुका था. नाम उसके बाद पूछा."

जजसाहेबांनी ते पुन्हा म्हणायला लावलं आणि टाइप करून घेतलं.

बाहेर पडलो, बस धरली आणि न ठरवताच आर. के. पुरमला उतरलो. क्वार्टरला नवी पाटी. एक अनोळखी बाई कणकेच्या हातांनी दार उघडून उभी. "किससे मिलना है, भैया?"

"यहाँ एक मैडम रहती थीं. उनको कुछ बताना था."

"क्या बताना था?"

मी तिला उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकता ऐकता तिच्या हातांवरची कणीक वाळून गेली.