साहेबांचे न घातलेले शर्ट

आळीच्या तोंडाशी एक लाकडी टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, घोंगडीवर पाच किलोची इस्त्री आणि तिच्यामागे वाकलेले मामा. आळीतली म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्यांना मामाच म्हणायची. स्वभावाने बुजरे. गिऱ्हाइकाने विचारलं तर बोलायचे, नाहीतर इस्त्रीचा आवाज तेवढा.

बावीस वर्षं मोठ्या साहेबांचे शर्ट मामांकडे धुवायला आणि इस्त्रीला येत होते. साहेब म्हणजे सगळा कारभार ज्यांच्या सहीने चालायचा ते. रोज सकाळी मामा सायकलवर परीटघडीचे पांढरेशुभ्र शर्ट घेऊन बंगल्यावर जायचे आणि आदल्या दिवशीचे चुरगळलेले घेऊन यायचे. साहेबांशी त्यांचं बोलणं एवढ्या वर्षांत एकदाच झालं होतं. गाडीत बसता बसता साहेब थांबले आणि म्हणाले, "खळ जरा कमी घाला हो, मान कापते." मामांनी मान हलवली. झालं.

पण शर्ट रोज बोलायचे. कॉलरला तपकिरी कड आली की समजावं, साहेब उन्हात सभा घेऊन आले. उजव्या बाहीला शाई लागली असेल तर दिवसभर सह्या केल्या. खिशात पेपरमिंटचा चिकट डाग, म्हणजे घसा बसलाय. मामी म्हणायच्या, "साहेबांच्या बायकोला ठाऊक नसेल एवढं या माणसाला ठाऊक. आणि स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधत फिरतात."

त्या वर्षी आळीवर संकट आलं. चाळीस घरं पाडून तिथून मोठा रस्ता न्यायचा ठरला होता. गावाबाहेर खोल्या बांधून तयार होत्या. ज्याला हवी त्याने अर्ज भरायचा, मुदत शनिवारपर्यंत. जो भरणार नाही त्याचं घरही जाणार आणि खोलीही मिळणार नाही. तरी एकानेही अर्ज भरला नव्हता. कारण साहेब एकदा त्याच कोपऱ्यावर उभे राहून म्हणाले होते, मी खुर्चीवर आहे तोवर इथली एक वीट हलणार नाही. आता अर्ज भरायचा म्हणजे त्या शब्दावर थुंकायचं. मामांची थोरली बहीण, आळीची ताई, हिने तर अर्जाच्या कागदाची चौघडी करून डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सारली होती. खाट आता हलत नाही, म्हणून ती सरकारचे आभार मानायची.

अडीच महिने साहेब कोणाला दिसले नव्हते. वर्तमानपत्रात यायचं की किरकोळ सर्दी आहे, घरूनच काम चालू आहे. वर्तमानपत्रावर आळीचा विश्वास नव्हता, मामांच्या गाठोड्यावर होता. मामा सायकलवरून उतरले की कोणीतरी विचारायचंच, "आज किती?" मामा म्हणायचे, "चार." पूर्वी तीन असायचे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर समोरच्या ओट्यावरून निकाल द्यायचे, "अंथरुणाला खिळलेला माणूस दिवसाला चार शर्ट बदलतो होय? उगाच काहीतरी उठवतात लोक." मग सगळे आपापल्या कामाला लागायचे.

कॉलरी हल्ली स्वच्छ येतात हे मामांच्या लक्षात आलं होतं. साहेब थंड खोलीत बसत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. शाई नव्हती. ती नवी पेनं गळत नसतील. नाही म्हणायला शर्टांना अत्तराचा वास फार यायचा. म्हातारपणी होते एकेकाला हौस.

गुरुवारी मामांनी चौथा शर्ट भिजवण्यासाठी झटकला आणि बोटाला काहीतरी टोचलं.

टाचणी होती. मामा घडी घातल्यावर कॉलरच्या आत पुठ्ठ्याची पट्टी सरकवायचे आणि कॉलर बसू नये म्हणून मागून टाचणीने ती अडकवायचे. टोक आतल्या बाजूला. ती काढल्याशिवाय तो शर्ट कोणालाच घालता आला नसता, मानेत घुसली असती. पट्टीही तिथेच होती. शर्ट मात्र बोळा झालेला, अत्तराने भिजलेला, बाह्यांना चुण्या पडलेल्या. कोणीतरी शर्ट उघडला होता, हाताने चुरगळला होता, अत्तर शिंपडलं होतं आणि कॉलर उलटून बघायची राहिली होती.

 मामांनी बाकीचे तीन उजेडात धरले. काखेत घामाची ओल नाही, कोपराला घासण नाही. बटणाच्या काजांमधली खळ तशीच कडक. बटण एकदा लावून काढलं तरी ती मोडते. दीड-दोन महिने ते धुतलेलेच शर्ट पुन्हा धूत होते.

इस्त्रीखाली बंगल्यावर न्यायचा दुसरा शर्ट होता. जळल्याचा वास आला तेव्हा त्यांना भान आलं. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग. बावीस वर्षांत पहिला.

चूक कबूल करायला मामा शुक्रवारी तो शर्ट हातात घेऊन बंगल्यावर गेले. सचिवांना भेटायचं म्हणाले. हे सचिव म्हणजे एका ढिल्या बटणासाठी गाठोडं परत पाठवणारे गृहस्थ. त्यांनी डाग बघितला, शर्ट कोपऱ्यात टाकला आणि म्हणाले, "असू द्या. होतं असं."

मामांना वाटलं होतं बोलणी खावी लागतील. ती खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

सचिवांच्या पाठीमागचं दार अर्धं उघडं होतं. आत खिडकीशी चाकांची खुर्ची होती. खुर्चीतल्या माणसाची फक्त पाठ दिसत होती. अंगात दवाखान्यातला मागून नाडीने बांधायचा ढगळा झगा. मान एवढी बारीक की मामा रोज इस्त्री करायचे त्या कॉलरीत अशा दोन बसल्या असत्या. नर्स चमच्याने काहीतरी भरवत होती आणि ते हनुवटीवरून खाली ओघळत होतं. तिने पुसलं. खुर्चीतल्या माणसाने काहीच केलं नाही.

सचिवांनी दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मामा, उद्यापासून पाच पाठवतो. आणि गाठोडं असं झाकून नेत जाऊ नका. पांढरं दिसू द्या जरा."

"दिसू द्या?"

"डॉक्टरांच्या पत्रकावर कोणी विश्वास ठेवत नाही हो. तुमच्यावर ठेवतात. तुमच्यामुळे केवढा धीर आहे लोकांना." त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "आतलं बाहेर बोलायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको."

 त्या दिवशीचं गाठोडं मागे लावलेली सायकल मामा हाताने ढकलत घरी आले. ओट्यावरून मास्तरांनी नेहमीचं विचारलं. मामांच्या तोंडून गेलं, "चार." ते खरंच होतं. खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं हे त्यांना सत्तरीला आल्यावर कळलं.

दुपारी ते ताईकडे गेले. ती खाटेवर बसून शेंगा सोलत होती.

"ताई, तो अर्ज काढ खालून. भरायचाय."

"का रे? वेड लागलं की काय?"

"साहेबांचे शर्ट कोणी घालत नाही."

ताईचे हात थांबले.  "गेले?"

"नाही. आहेत. पण नाहीत."

"कधीपासून?"

"दोन महिने असतील."

"आणि तू रोज आम्हाला चार चार सांगत होतास."

"आलेच होते गं चार."

"आलेच होते म्हणे." शेंगांची परात तिने बाजूला सरकवली. "तुझ्या जिवावर चाळीस घरं पाय पसरून झोपलीयत रे. मी मरेन तोवर मी इथेच, असं सुनेला बजावलं मी. तुझ्या गाठोड्याकडे बघून बजावलं." रडली नाही. खाटेचा पाय उचलायला तिने मामांनाच सांगितलं. कागद निघाला तो चार ठिकाणी भोकं पडलेला. कचेरीतून नवा आणावा लागणार होता.

शनिवारी मामा सायकल न काढता, गाठोडं न आणता, सकाळी कचेरीच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. शेजारी ताई. आळीतलं तिसरं कोणी नव्हतं. बंगल्यावर आज कोणी गेलं नाही हे तिथे कळायला किती वेळ लागेल आणि मग आपलं काय होईल, याचा हिशेब मामांनी करून पाहिला आणि सोडून दिला.  ताईने त्यांचा दंड धरला होता, आधाराला की पळून जाऊ नये म्हणून, हे त्यांनी विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला पेन्शनच्या कामाने मास्तर तिकडून चालले होते. रांगेत मामा दिसले तसे ते थबकले. मामांच्या हातातल्या कागदाकडे त्यांनी बघितलं, मग तोंडाकडे.

"काय मामा, सहज आलात?"

सचिवांचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा मामांना जाणवत होता. आयुष्यात ते कधी चार लोकांत मोठ्याने बोलले नव्हते.

"सहज नाही," मामा म्हणाले. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "साहेब आता कोणाची वीट धरू शकणार नाहीत. मी डोळ्यांनी बघून आलोय. घरी जा, सगळ्यांना कागद घेऊन यायला सांगा. खिडकी दोनला बंद होते."

 मास्तरांनी छत्री काखेत मारली, धोतर वर खोचलं आणि ते पळत सुटले. मास्तरांना पळताना आळीने कधी पाहिलं नव्हतं.