भंडाऱ्याच्या दशा

सूरज तीन वर्षांचा असताना तापानं फणफणला, तेव्हा शालूबाईनं यल्लम्माला नवस बोलला: नेसेन त्या प्रत्येक लुगड्याच्या पदराच्या टोकाला सुट्या सोडलेल्या दोऱ्यांच्या दशांना भंडारा लावून पाच गाठी मारीन. तीस वर्षं तिनं तो पाळला.

सूरजच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीआधी सुनेनं, मंगलनं, सगळ्या दशा कापून पदरांना पिको करून आणला.

"सोफ्याला पिवळे डाग पडत्यात, आत्ती."

"तुझ्या नवऱ्यासाठीच्या गाठी हुत्या गं त्या."

सूरजनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "जगलो न्हवं मी? आता पुरे."

शालूबाईनं पिको उसवला आणि नव्या दशांसाठी चार बोटं आडवे दोरे ओढून काढले.

"तसंच नेसणार असशील, तर पाहुणे आल्यावर आतच बस," सूरज म्हणाला.

ती आत बसली. बाहेर पंगत उठेपर्यंत तिनं त्याच्याच नावानं पाचवी गाठ मारली.