न धुतलेल्या हातांनी बसणं

मेंढरं विकून आम्ही गाव सोडलं आणि शहराच्या कडेला नव्या वस्तीत खोली घेतली. तिथंही दुष्काळच. टँकर कधी येईल ते सांगता यायचं नाही. त्यातच माझी लेक सासरहून माघारी आली. दिवसभर हात धुते, आपल्या हातानं लेकराला काही बाधेल म्हणून त्याला जवळ घेत नाही, अशी सासरच्यांची तक्रार होती. लेकरू त्यांनी ठेवून घेतलं. तिची नणंद म्हणाली, "हातांचं बरं झालं की निरोप धाडा. घेऊन येते त्याला."

ड्रममधलं पाणी तिच्या हातांवर संपायचं. कातडी फाटायची, तरी ती विचारायची, "आई, साफ झाले का?" मी म्हणायची, "झाले गं." ती पुन्हा धुवायची.

टँकरवर शेजारीण म्हणाली, "तुमच्या पोरीच्या हातांना येगळा टँकर सांगा की." बाया हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव ओसीडी सांगितलं. गोळ्या दिल्या आणि ध्यान करायला सांगितलं. ध्यान म्हणजे देवापुढं बसणं, एवढंच मला माहीत. मी देवापुढं पाट मांडला, उदबत्ती लावली. देवापुढं बसायचं म्हणून ती आधी आंघोळ करायची, मग हातपाय धुवायची, पाटाला बोट लागलं की पुन्हा धुवायची. आजार वाढला.

बाईंना हे सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, गावाकडं काय करायचात?"

"मेंढरं राखायचो."

"ती चरत असताना?"

"काय नाय. बघत बसायचं."

"मग तेच करायचं. देव नको, आंघोळ नको. हात धुवावेसे वाटले की उठायचं नाही, ते वाटणं दाबायचंही नाही. जीव कुठं घाबरतो, श्वास कसा चालतो, ते बघत बसायचं. घाबरणं आपसूक उतरतं. आणि तिनं विचारलं, तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही."

आम्ही दोघी दारात जुनी घोंगडी टाकून बसायचो. ती न धुतलेल्या हातांनी घोंगडीची लोकर धरायची. "आई, साफ हायत का?" मी पदर दातात धरून गप्प. पोटची पोर विचारते आणि आपण बोलायचं नाही, हे लई जड जायचं. पण हळूहळू तिचं विचारणं कमी झालं. एक दिवस तिनं पीठ मळून भाकरी थापली आणि हातांचं पीठ नुसतं फडक्याला पुसलं.

मी निरोप धाडला. नणंद लेकराला घेऊन आली. लेक माघारी आली तेव्हा ते रांगत होतं, आता चालत-बोलत आलं. माझी लेक घोंगडीवर बसली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

लेकरानं आपले हात पाठीमागं लपवले. म्हणालं, "आईला हात लावायचा नाय. आई रडती."

नणंद खाली बघत म्हणाली, "तवा शिकवावं लागलं, वहिनी. तुमच्याकडं झेपावायचा सारखा."

लेकीनं हात मागं घेतले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, येईल का गं तो?"

मी पुन्हा पदर दातात धरला. या वेळी बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. पोराला परत न्यायची वेळ झाली, तरी ती तशीच बसून होती, हात पुढं करून.