वरच्या सुरातले काका

काकांचा देह पैलवानाचा आणि आवाज इतका उंच नि बारीक, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस गाणारी बाई शोधायला लागायचा. काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "बाई घरी आहे. आवाज तिचाच, रविवारपुरता मागून आणलाय."

मूळचे नागपूरचे, नोकरी इथे परदेशात, तुआसच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअरची. दर रविवारी शहराच्या क्लेमेंटी भागात, बॅन्जो वाजवणाऱ्या लिम नावाच्या दंतवैद्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं ब्लूग्रास गायचो. हे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं गाणं; एकच माइक, आणि त्याच्याभोवती डोकी जवळ आणून गायचं. मूळ चाल माझी, खालचा सूर लिमचा, वरचा काकांचा. लहानपणी वस्तीत भीमगीतांच्या कोरसमध्ये उभं राहून ते शेजारच्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला शिकले होते. मी घाबरून आवाज चढवला की म्हणायचे, "आधी ऐक, मग गा."

इथल्या दमट हवेत बॅन्जो सारखा उतरायचा. आमचे छोटे कार्यक्रम व्हायचे, तेव्हा लिम तारा जुळवत बसला की मंच काकांच्या ताब्यात. या गाण्यांत कुणी ना कुणी मरतंच. काका शांतपणे इंग्रजीत जाहीर करायचे, "पुढच्या गाण्यात नायिका नदीत बुडते. बॅन्जो लागला नाही, तर वाचेल." लोक हसत सुटायचे आणि लिम मान वर न करता, बोला, अजून बोला अशा टोमण्याच्या सुरात म्हणायचा, "अंकल, टॉक सम मोर लाह."

मला एकटीने गायची भीती वाटायची. काकांचा सूर वर असला की डोक्यावर छप्पर असल्यासारखं वाटे. म्हणून त्यांचा इथे नोकरी करायचा पास वाढवून मिळाला नाही, ते नागपूरला परतणार, हे कळलं तेव्हा ते छप्परच उडाल्यासारखं झालं. त्यांच्यानंतर मी गाणं सोडणार, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

निघण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम. शेवटच्या कडव्याला आम्ही तिघांनी माइकजवळ यायचं होतं. लिम निघाला, तर काकांनी त्याचा दंड धरून त्याला थांबवलं. दोघंही एक पाऊल मागे उभे, काका हाताची घडी घालून. माझा आवाज थरथरला, खाली घसरला, मग कसाबसा उभा राहिला. कडवं मी पुरं केलं.

पडद्यामागे आल्यावर मी रागाने विचारलं, विसरलात का.

"विसरलो नाही गं," काका म्हणाले. "पुढच्या वेळी मी नसणार. पडायचंच होतं, तर माझ्यासमोर पडलीस, बरं झालं. उचलायला होतो."

आता ते काहीतरी गमतीचं बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिले. काका लिमच्या बॅन्जोच्या रिकाम्या पेटीची कडी लावत नि काढत राहिले.